गाठ आहे म्हणाले, पण कसली?

पोस्ट मोठी आहे आणि बायकांच्या दुखण्याची आहे. बऱ्याच जणांना वाटेल, ह्याला राजकारण सोडून हे काय सुचलं. पण शेवटपर्यंत वाचा. पुरुषांनी तर जरूर वाचा, कारण दवाखान्यातल्या कागदावर सही बहुतेक वेळा आपलीच असते.

माझी होती. म्हणूनच लिहितोय.

२००४ सालची गोष्ट. पत्रकारितेचा डिप्लोमा करून मी नुकताच कंधारला परत आलो होतो. मोठा भाऊ टोळीसोबत कर्नाटकात ऊसतोडीला गेलेला. त्या साली वहिनी गावातच थांबली होती, कारण तिचं पोट दुखायचं आणि पाळी अंगावरून जास्त जायची. आईनं मला सांगितलं, तू शिकलेला आहेस, तिला दाखवून आण.

एका खासगी दवाखान्यात नेलं. गाव सांगत नाही, नावही सांगत नाही. डॉक्टरांनी पोटावर मशीन फिरवलं, एटीएमच्या पावतीएवढा एक काळा कागद हातात दिला आणि म्हणाले, "गाठ आहे. पिशवी काढून टाकावी लागेल. उशीर केला तर कॅन्सर होतो." वहिनीचं वय तेव्हा ३१. दोन पोरं झालेली. मी एकच प्रश्न विचारला, खर्च किती? चौदा हजार. भावाच्या मुकादमाकडून उचल घेतली. कागदावर वहिनीचा अंगठा आणि त्याखाली माझी सही.

गाठ कसली, कुठं, किती मोठी, पाण्याची का मांसाची, हे मी विचारलं नाही. डिप्लोम्यात पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, बातमीत कोण, काय, कुठं, कधी, कसं आणि का आलं पाहिजे. ते सगळं मी पंचायत समितीत विचारत होतो. घरातल्या बाईसाठी विचारायचं सुचलं नाही.

पुढं १५ वर्षांनी, २०१९ मध्ये, बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याची बातमी देशभर गाजली. तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात सांगितलं, की तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. नंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी सर्वेक्षण झालं. ८२,३०९ ऊसतोड बायकांची माहिती घेतली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. शंभरात जवळपास सतरा.

तेव्हा सगळ्यांनी लिहिलं, मीही लिहिलं. एका दिवसाचा खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो, फडात पाळीचा त्रास झेपत नाही, शौचाला आडोसा नाही, उचल फिटत नाही, म्हणून बाई "काढून टाका एकदाची" म्हणते आणि काढून टाकणारा तयारच असतो. हे सगळं खरं आहे. पण त्या बातमीतला एक बारीक धागा माझ्याकडूनही सुटला. त्यातल्या कितीतरी जणींना ऑपरेशनच्या आधी एकच शब्द सांगितला गेला होता. गाठ.

आणि हा शब्द कशाच्या जोरावर सांगितला? सोनोग्राफीच्या फोटोच्या. ज्या मशीनमुळं ऑपरेशन टळायला पाहिजे, त्याच मशीनचा कागद दाखवून बाईला टेबलावर घेतलं गेलं.

हा धागा मला पकडता आला तो गेल्या वर्षी, माझ्या मावसबहिणीमुळं. तिची परवानगी घेऊन लिहितोय. नाव आणि गाव देत नाही, कॉमेंटमध्ये कोणी ओळखलं तर लिहू नका.

ती ३५ वर्षांची. नवऱ्यासोबत कोयत्यावर जाणारी. सहा महिने ओटीपोटात उजवीकडं दुखत होतं. दिवाळीनंतर टोळी निघायच्या तोंडावर तिचा फोन आला. "दादा, डॉक्टर म्हनलालेत पिशवी बी काढायची अन् दोन्ही बाजूचे अंडाशय बी. आजच भरती व्हा म्हनलेत. नऊ सेंटीमीटरची गाठ हाय. रक्तात बी काहीतरी वाढलंय म्हनं. पैशाचं बघतोस का?"

मी म्हणालो, पैशाचं बघतो, पण आज भरती होऊ नको. रिपोर्टचा फोटो मोबाईलवर पाठव.

रिपोर्टमध्ये चारच ओळी होत्या. उजव्या अंडाशयात गाठ, ९ सेंटीमीटर, आत पडदे, कॅन्सरची शक्यता नाकारता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं लोहा, सोनखेड, विष्णुपुरी करत आम्ही नांदेडला गेलो. ओळखीच्या एका डॉक्टरांनी एका रेडिऑलॉजिस्ट बाईंकडं पाठवलं. रेडिऑलॉजिस्ट म्हणजे फोटो वाचणारा डॉक्टर. आपण मशीनला ओळखतो, ह्या माणसाला ओळखत नाही.

त्या बाईंनी मशीन हातात घ्यायच्या आधी विचारलं, "पोटाची आधी कुठली ऑपरेशनं झालीत?" दोन झाली होती. एक कुटुंब नियोजनाचं. दुसरं अपेंडिक्सचं, तेही आत फुटल्यावर, पोटात पू झाल्यावर केलेलं. हे आधी कोणी विचारलंच नव्हतं.

मग त्यांनी दोन प्रकारे पाहिलं. आधी पोटावरून, त्याला लघवी भरलेली लागते. मग लघवी करून यायला सांगून, सोबत नर्सला घेऊन, योनीमार्गातून. बहीण लाजली, आधी नको म्हणाली. बाईंनी तिला समजावलं, की पोटावरून पाहताना कातडी, चरबी, आतडी मध्ये येतात, आतून पाहिलं की अंडाशय अगदी जवळ येतं आणि फोटो स्पष्ट निघतो. दुखत नाही, आणि तुला नको असेल तर करणार नाही. ती तयार झाली. त्यानंतर एमआरआय सांगितला. सात हजार रुपये गेले. चौदा हजारांचा हिशोब मला त्या काउंटरवर आठवला.

संध्याकाळी बाईंनी आम्हाला आत बोलावलं आणि पडद्यावर दाखवलं. मधोमध बदामाएवढं अंडाशय, चांगलं, निरोगी. त्याच्याभोवती पाणी, आणि पाण्यात बारीक पडदे. "कोळी जाळ्यात बसतो ना, तसं दिसतंय बघा. ही अंडाशयाची गाठ नाही. अंडाशय जाळ्यात अडकलंय."

त्यांनी सांगितलेलं माझ्या शब्दांत सांगतो. अंडाशयातून दर महिन्याला थोडं पाणी बाहेर पडतं. पोटाच्या आतलं जे पातळ अस्तर असतं, ते हे पाणी शोषून घेतं. पण आधीच्या ऑपरेशनमुळं किंवा पोटात पू झाल्यामुळं अस्तर जागोजागी चिकटलं, की पाणी शोषलं जात नाही. ते तिथंच कोंडतं आणि गाठीसारखं दिसतं. ही गाठ दुर्मीळ आहे, पण कॅन्सर नाही. ऑपरेशन करून काढली तरी पुन्हा होऊ शकते, कारण नव्या ऑपरेशननं नवी चिकटण तयार होऊ शकते. रक्तातली ती कॅन्सरची तपासणी इतर साध्या दुखण्यांतही वाढते, पोटातल्या टीबीत वाढते, पाळीच्या दिवसांत केली तरी वाढू शकते.

म्हणजे एका आधीच्या ऑपरेशनमुळं झालेल्या दुखण्यावर, तिसरं ऑपरेशन करून, चांगले दोन्ही अंडाशय आणि चांगली पिशवी काढायची तयारी झाली होती.

त्या दिवसापासून मी भेटेल त्या डॉक्टरला ह्याबद्दल विचारत सुटलो. जे कळलं ते इथं मांडतो.

सोनोग्राफी म्हणजे आवाजाच्या लहरी. आपल्याला ऐकू न येणारा आवाज आत सोडायचा आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून चित्र काढायचं. पाण्यातून आवाज सरळ जातो, परत काही येत नाही, म्हणून पाण्याची गाठ काळीभोर दिसते. मांस, रक्त, चरबी असली की राखाडी-पांढरं दिसतं. बायकांच्या दुखण्यात ही विद्या आलीच मुळी पोटातल्या गाठी ओळखण्यासाठी. ग्लासगोचे डॉक्टर इयान डोनाल्ड यांनी जुलै १९५५ मध्ये ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी गाडीत घालून बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात नेल्या होत्या. तिथं लोखंडातली चीर शोधायचं यंत्र होतं. पाण्याची गाठ आणि मांसाची गाठ त्या यंत्रावर वेगवेगळी दिसली. पुढं एका बाईला पोटाचा कॅन्सर आहे, आता काही करता येणार नाही, असं सांगितलेलं होतं. डोनाल्ड यांनी यंत्र लावलं तर ती अंडाशयाची मोठी पाण्याची गाठ निघाली. काढली, बाई वाचली. १९५८ मध्ये 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा लेख आला आणि जगभर सोनोग्राफी पसरली.

आपल्याकडं मात्र सोनोग्राफी म्हटलं की पोरगं का पोरगी, एवढंच डोक्यात. बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं ८०७ मुली उरल्या होत्या, ते ह्याच मशीनच्या गैरवापरानं. म्हणून कायदा कडक झाला, प्रत्येक मशीनची नोंदणी आली, भिंतीवर पाटी आली. ते बरोबरच झालं. पण मशीनचं मूळ काम काय, हे सांगणारी पाटी कुठंच लागली नाही.

आता "गाठ" ह्या एका शब्दात काय काय बसतं ते बघा.

पाळी येणाऱ्या बाईच्या अंडाशयात दर महिन्याला बीजाची एक छोटी पाण्याची पिशवी तयार होते. कधी ती फुटत नाही, मोठी होते. ही साधी गाठ, दोन-तीन पाळ्यांत बहुतेक वेळा आपोआप जिरते. ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थेचं मार्गदर्शन असं आहे, की अशी साधी, पातळ भिंतीची गाठ ५ सेंटीमीटरपेक्षा लहान असेल तर पुन्हा पाहायचीही सहसा गरज नाही. ५ ते ७ असेल तर वर्षानं सोनोग्राफी. त्याहून मोठी असेल तर एमआरआय किंवा ऑपरेशनचा विचार. आणि आपल्याकडं तीन सेंटीमीटरच्या गाठीवर पिशवी गेलेल्या बायका मला माहीत आहेत.

दुसरी, जुन्या रक्ताची गाठ, जिला डॉक्टर चॉकलेट सिस्ट म्हणतात. तिसरी, जन्मतःच्या पेशींची, जिच्यात चरबी, केस, कधी दातही निघतो. एमआरआयवर पाणी, रक्त आणि चरबी वेगवेगळी ओळखू येतात, म्हणून ह्या गाठी तिथं लपत नाहीत.

चौथी दुर्मीळ, पण आपल्या शेरडं-मेंढरं पाळणाऱ्या भागानं लक्षात ठेवावी अशी. कुत्र्याच्या आतड्यातल्या एका बारीक पट्टकृमीची अंडी हातावाटे, पाण्यावाटे, न धुतलेल्या भाजीवाटे माणसाच्या पोटात जातात आणि गाठ होते. बहुतेक वेळा यकृतात किंवा फुप्फुसात, क्वचित ओटीपोटात. फोटोत मोठ्या गाठीच्या आत लहान लहान गाठी दिसतात. साधी पाण्याची गाठ समजून हिला सुई टोचली आणि पाणी आत सांडलं, तर अंगाची भयंकर प्रतिक्रिया येऊन जीव जाऊ शकतो, आणि गाठी पोटभर पसरू शकतात. आधी ओळखली तर औषधाची तयारी करून काढता येते. औषध कोणतं? शाळेत जंताची गोळी देतात ना, तेच अल्बेंडाझोल, फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि जास्त दिवस.

पाचवी आणखी दुर्मीळ. काही जणींच्या माकडहाडाच्या वरच्या हाडात जन्मापासून फट असते. त्यातून मज्जारज्जूभोवतीच्या पाण्याची पिशवी पुढं ओटीपोटात उतरते. पोटावरच्या सोनोग्राफीत ती हुबेहूब अंडाशयाची गाठ वाटते. तिला सुई लावली तर जंतुसंसर्ग थेट मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतो. एमआरआयवर मात्र ती कण्याला जोडलेली स्पष्ट दिसते.

अशा दुर्मीळ गाठी घरोघरी नसतात, हे मान्य. पण कुठली गाठ साधी आणि कुठली दुर्मीळ, हे फोटो नीट काढून, नीट वाचून घेतल्याशिवाय कळणार कसं?

एक गोष्ट ठामपणे सांगतो, नाहीतर माझी पोस्ट वाचून कोणी दुखणं अंगावर काढेल. पिशवी काढणं हे नेहमी चूक नसतं. कॅन्सर असेल, थांबतच नाही असा रक्तस्राव असेल, तर त्या ऑपरेशननं जीव वाचतो. पाळी बंद झालेल्या बाईच्या पोटातली गाठ कधीच हलक्यात घेऊ नका. आणि एकदम असह्य पोटदुखी, सोबत उलट्या, चक्कर, असं झालं तर गाठीला पीळ पडलेला असू शकतो. तेव्हा एमआरआय, दुसरं मत, काही नाही. लगेच मोठा दवाखाना गाठा. मी बोलतोय ते ज्या दुखण्यात चार दिवस थांबता येतं, त्याबद्दल.

त्या चार दिवसांत घरच्या माणसानं एवढं विचारावं.

गाठ नेमकी कुठं आहे, अंडाशयात की बाहेर? किती सेंटीमीटर? आत फक्त पाणी आहे, का पडदे, मांस, रक्तपुरवठा? आधीच्या ऑपरेशनांची, टीबीची माहिती फोटो वाचणाऱ्याला सांगितली का? दोन-तीन पाळ्यांनंतर पुन्हा पाहिलं तर चालेल का? ऑपरेशन करायचंच तर फक्त गाठ काढता येईल का? अंडाशय ठेवणार की काढणार? आणि फोटो, रिपोर्ट, ऑपरेशनची चिठ्ठी, काढलेल्या गाठीचा तपासणी अहवाल, सगळं आमच्या हातात द्या.

हे विचारल्यावर चांगला डॉक्टर रागावत नाही. हा माझा अनुभव आहे.

सरकारसाठीही थोडं. गरज नसताना गर्भाशय काढण्याविरुद्ध डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. ५ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयानं सगळ्या राज्यांना सांगितलं, की केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करा. त्यात देश, राज्य आणि जिल्हा पातळीवर ह्या ऑपरेशनांवर लक्ष ठेवणाऱ्या समित्यांची तरतूद आहे. मग नांदेड जिल्ह्यात वर्षाला किती पिशव्या निघतात, त्यात चाळिशीच्या आतल्या किती, कारण काय लिहिलं, हा आकडा लोकांसमोर यायला नको का? बीडचा आला म्हणून बीड बदनाम झालं. कंधार, मुखेड, लोह्याच्या तांड्यांतूनही टोळ्या जातात. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतोय, उत्तर आलं की इथंच टाकीन.

आणि तालुक्याच्या पुढाऱ्यांना विनंती, दवाखान्याला मशीन दिलं म्हणून फीत कापताना ते वाचणारा माणूस कोण, हेही सांगा. माणूस रोज मिळत नसेल तर ठरलेल्या वारी तरी मिळावा. बाईनं पोट धरून नांदेडची गाडी बघत बसू नये.

मावसबहीण आता बरी आहे, पण पूर्ण नाही. गोळ्या चालू आहेत. सहा महिन्यांनी पाहिलं तर नवाची गाठ सहावर आली होती. मधूनमधून दुखतं. यंदा कोयता घेतला नाही, चार शेळ्या घेतल्यात. पिशवी जागेवर आहे, अंडाशय जागेवर आहेत.

तिच्या सहा महिन्यांच्या तपासणीला वहिनीही सोबत आली होती. ५२ वर्षांची आहे. ऑपरेशननंतर वर्षभरातच तिला अंगातून वाफा यायला लागल्या, रात्री घामानं उठायची. चाळिशीतच कंबर गेली. आम्ही म्हणायचो, वय झालं. आता कळतंय, अंडाशय कमी वयात काढले की असंच होतं, हाडं ठिसूळ होतात, हृदयालाही धोका वाढतो. पण तिचे अंडाशय काढले की ठेवले, हे घरात कोणालाच माहीत नाही. मी सही केली होती, मलाही नाही.

निघायच्या आधी मी ट्रंक उघडून तो २००४ चा कागद शोधला. रेशनकार्डासोबत होता. सोनोग्राफीचा तो छोटा कागद पत्र्याच्या ट्रंकेत उन्हाळे खाऊन खाऊन पार पांढरा पडलेला. त्यावर काहीच दिसत नाही. दवाखाना कधीच बंद झाला.

रेडिऑलॉजिस्ट बाईंनी वहिनीचीही सोनोग्राफी केली. पिशवी नाही, हे दिसलं. अंडाशय दिसले नाहीत. "काढले असतील, किंवा असतील तर पाळी गेल्यावर सुकून इतके बारीक झाले असतील की दिसत नाहीत. आता फोटोवरून नक्की सांगता येणार नाही."

परतीच्या गाडीत वहिनी बराच वेळ गप्प होती. सोनखेड गेल्यावर म्हणाली, "भाऊजी, हिचा काढला तसा माझा बी फोटू काढला असता तर?"

मी काही बोललो नाही. काय बोलणार.

तुमच्या घरात कोणाला "गाठ आहे" असं सांगितलं असेल, तर ही पोस्ट त्यांच्यापर्यंत पोचवा. रिपोर्ट कॉमेंटमध्ये टाकू नका, मी डॉक्टर नाही. डॉक्टरला विचारा. पण विचारा.